सह्याद्रीची जन्मतिथी

पेणहून रोह्याकडे जाणाऱ्या गाडीत बसलात, तर कोणती खिडकी पकडावी असा प्रश्न पडतो. डावीकडे सह्याद्रीच्या काळ्या रांगा दिसतात. उजवीकडे खारेपाटाची भातशेती, तिच्या कडेचे बांध आणि त्यांच्यापलीकडे धरमतरच्या खाडीचा चिखल. बहुतेकजण डावी खिडकी पकडतात, आणि त्यात नवल नाही. चिखलाकडे कोण पाहणार?

पण डावीकडच्या त्या डोंगराचे वय किती, हा प्रश्न भूवैज्ञानिकांना शंभर वर्षांहून अधिक काळ छळत होता; आणि तो सोडवायला ज्यांची मोठी मदत झाली, त्यांचे भाऊबंद उजवीकडच्या चिखलात आजही राहतात. ते एवढे लहान आहेत, की टाचणीच्या डोक्यावर चारपाच सहज मावावेत.

आधी त्यांची ओळख करून घेऊ. ओहोटीच्या वेळी, घरातल्या मोठ्या माणसाला बरोबर घेऊन, खाडीच्या काठाला जा. (एकट्याने जाऊ नका. खाडीचा चिखल पाय धरून ठेवतो आणि भरती कोणासाठी थांबत नाही.) चिखलाचा अगदी वरचा, पातळ थर चमच्याने खरवडून एका डबीत भरा. घरी आल्यावर तो बारीक विणीच्या कापडावर घेऊन हळूहळू पाण्याने धुवा. माती निघून जाईल आणि चिमूटभर बारीक वाळू उरेल. ती वाळवा, काळ्या कागदावर पसरा आणि चांगल्या भिंगातून पाहा. शाळेत सूक्ष्मदर्शक असेल तर फारच छान. मात्र वर्धन कमी ठेवा आणि उजेड खालून न देता वरून टाका, कारण या वस्तू पारदर्शक नसतात. वाळूच्या कणांत कुठेतरी गोगलगायीच्या शंखासारखी वळलेली, पण कप्प्याकप्प्यांची अशी एखादी पांढरट वस्तू दिसेल. पहिल्याच चिमटीत दिसली नाही तर चिडू नका, दुसरी चिमूट घ्या.

ही वस्तू म्हणजे शंख नव्हे. ते फोरॅमिनिफेरा या गटातील एका प्राण्याचे कवच आहे. हा प्राणी एकपेशीय आहे. कवचाला बारीक छिद्रे असतात आणि त्यांतून तो धाग्यांसारखे पाय बाहेर काढून अन्न पकडतो. ‘फोरॅमिनिफेरा’ या शब्दाचा अर्थच मुळी छिद्रे धारण करणारे. आल्सीद दॉर्बिन्यी या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८२६ साली या गटाला हे नाव दिले, तेव्हा त्याची समजूत होती की हे गोगलगायींचे व माखलीचे दूरचे नातेवाईक असावेत! खाडीत तुम्हाला जो दिसण्याचा संभव अधिक, त्याचे नाव अमोनिया. नाक मुरडू नका. त्या उग्र वासाच्या वायूशी याचा संबंध नाही. मेंढ्याची शिंगे असलेल्या अमोन नावाच्या मिसरी देवावरून दोघांनाही नाव मिळाले, एवढेच.

प्राणी मरतो, पण कवच राहते. ते चुन्याचे असते. समुद्राच्या तळाशी अशी कवचे थरावर थर साचतात, वरच्या ओझ्याने दाबली जातात आणि त्यांचा खडक होतो. इजिप्तमधील पिरॅमिडांचे दगड अशाच चुनखडकाचे आहेत. त्यातील फोरॅमिनिफेरा मात्र मसुरीच्या डाळीएवढे किंवा त्याहूनही मोठे होते. ते पाहून पुरातन काळी लोक म्हणत, की पिरॅमिड बांधणाऱ्या मजुरांच्या जेवणातली सांडलेली डाळ दगड होऊन पडली आहे. स्ट्रेबो या ग्रीक भूगोलकाराने ही समजूत नोंदवून ठेवली आहे. याच जातकुळीचे खडक आपल्याकडे कच्छमध्येही आहेत.

घड्याळ कसे चालते?

खडकाच्या थरात सापडणाऱ्या जीवाश्मांवरून थराचे वय ओळखण्याची रीत जुनी आहे. परंतु प्रत्येक जीवाश्म या कामाचा नसतो. समजा, एका थरात तुम्हाला बेडकाचा सांगाडा सापडला. बेडूक कोट्यवधी वर्षे या पृथ्वीवर आहेत, आणि एका तळ्यातले बेडूक दुसऱ्या खंडातल्या तळ्यात सापडतीलच असे नाही. म्हणजे बेडकावरून ‘येथे गोडे पाणी होते’ एवढे कळले. ‘केव्हा’ ते नीटसे कळले नाही.

कालमापनाला असा जीव हवा, जो संख्येने भरपूर असेल, जगभर पसरलेला असेल आणि ज्याच्या जाती झटपट बदलत असतील. फोरॅमिनिफेरांमध्ये दोन प्रकारचे लोक आहेत. एक तळाशी राहणारे, आपल्या खाडीतल्या अमोनियासारखे. दुसरे समुद्राच्या पाण्यात तरंगणारे. तळाशी राहणारे आपापले पाणी पसंत करतात. कोणाला खाडीचे मचूळ पाणी मानवते, कोणाला खोल समुद्राचा थंड अंधार. म्हणून त्यांच्यावरून कळते ते प्राचीन समुद्र किती खोल होता, किनारा जवळ होता की दूर. तरंगणारे मात्र प्रवाहांबरोबर महासागरभर जातात, मेल्यावर सगळीकडच्या तळावर पावसासारखे पडत राहतात. एखादी तरंगणारी जाती जन्माला आली, काही लाख वर्षे जगली आणि नाहीशी झाली, की इटलीपासून आंध्रापर्यंतच्या त्या काळातल्या सागरी गाळात तिची सही राहून जाते. नाहीशी झालेली जाती पुन्हा कधीच येत नाही. म्हणूनच ही सही खोटी करता येत नाही.

हे आज इतके सरळ वाटते, पण मान्य व्हायला वेळ लागला. १९२१ साली अमेरिकेत भूवैज्ञानिकांच्या एका सभेत एस्थर ॲप्लिन या तरुणीने मांडले, की फोरॅमिनिफेरांवरून तेलविहिरींतल्या थरांची वये ठरवता येतील. एका नामांकित प्राध्यापकांनी भर सभेत तिची थट्टा केली. ॲप्लिन, ॲल्वा एलिसर आणि हेडविग निकर या तिघी टेक्सासमध्ये वेगवेगळ्या तेल कंपन्यांत नोकरी करीत होत्या. तिघींनी मिळून आपल्या कामाचा निबंध १९२५ साली प्रसिद्ध केला, आणि थोड्याच वर्षांत जगातल्या तेल कंपन्या सूक्ष्मजीवाश्म ओळखणारी माणसे शोधू लागल्या.

तेल कंपन्यांना याची एवढी गरज का? विहीर खणताना यंत्राचे दाते खडकाचा चुरा करतात. खास कालवलेला चिखल पंपाने आत सोडतात, तो हा चुरा वर घेऊन येतो. शिंपले, हाडे, पाने, जे काही मोठे जीवाश्म असतील त्यांचा भुगा होतो. फोरॅमिनिफेरा इतके बारीक, की ते दातांच्या मधून साबूत निसटतात. प्रत्येक ठराविक खोलीचा चुरा वेगळा ठेवतात, चाळणीतून धुतात आणि ओल्या कुंचल्याच्या टोकाने एकेक कवच उचलून काळ्या पट्टीवर चौकटीचौकटीत चिकटवतात. हे काम मान आणि डोळे यांची परीक्षा पाहणारे आहे.

यात एक गंमतीची अडचण आहे. विहिरीच्या वरच्या भागातले खडक ढासळून खाली पडतात, त्यामुळे वरच्या थरातले कवच खालच्या चुऱ्यात सापडू शकते. पण खालच्या थरातले कवच त्याच्या वरच्या खोलीच्या चुऱ्यात कसे येणार? म्हणून विहीर वाचणारा ‘ही जाती कधी जन्मली’ यावर फारसा विसंबत नाही. वरून खाली जाताना एखादी जाती प्रथम कोणत्या खोलीवर भेटते, ते तो टिपून ठेवतो. तेथेच ती जाती अखेरची जगली होती. समजा, एका विहिरीत अमुक जाती १,२०० मीटरवर प्रथम भेटली आणि दहा किलोमीटरवरच्या दुसऱ्या विहिरीत १,३५० मीटरवर. म्हणजे एकाच काळातला थर दुसऱ्या ठिकाणी दीडशे मीटर खाली गेला आहे. अशा पाचपन्नास विहिरी जोडल्या, की जमिनीखालच्या थरांचा चढउतार कागदावर उतरतो आणि तेल कोठे अडून राहिले असेल याचा अंदाज बांधता येतो.

याचे उदाहरण तुमच्यापासून दूर नाही. मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटर अंतरावर समुद्रात १९७४ साली ‘सागर सम्राट’ या जहाजाने बाँबे हायचे तेल शोधले. ते तेल मुख्यतः मायोसीन काळातल्या चुनखडकात साठलेले आहे. तिकडचा वायू नळाने उरणला येतो, म्हणजे तुमच्याच रायगड जिल्ह्यात.

काळा दगड बोलत नाही

आता डाव्या खिडकीकडे वळू. सह्याद्री बेसाल्टचा आहे, म्हणजे थिजलेल्या लाव्हाचा. लाव्हात कोणी जगत नाही, म्हणून त्यात जीवाश्म नाहीत. दख्खनच्या लाव्हाने आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर भूभाग व्यापलेला आहे, आणि एवढ्या अवाढव्य दगडाला जन्मतिथी नाही!

लाव्हाचे लोट एकसारखे आले नाहीत. एक लोट येई, मग शांतता असे, तळी साचत, झाडे उगवत. मग पुन्हा लोट. दोन लोटांमधल्या या गाळाच्या थरांत जीवाश्म आहेत. नागपूरजवळच्या टाकळी येथून रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप यांनी गेल्याच्या आदल्या शतकात असे जीवाश्म गोळा केले. मुंबईत वरळीच्या थरात इवलेसे बेडूक सापडले, रिचर्ड ओवेन यांनी १८४७ साली त्यांचे वर्णन केले. पण बेडकांची अडचण आपण पाहिलीच. गोड्या पाण्यातल्या आणि जमिनीवरच्या या जीवाश्मांवरून एकमत होईना. डायनोसॉरचे युग संपण्यापूर्वीचा हा लाव्हा, असे काहीजण म्हणत. वनस्पतींच्या जीवाश्मांचे थोर अभ्यासक बिरबल साहनी यांनी १९३४ साली तो त्यानंतरचा असल्याचे मत मांडले.

वाद निव्वळ तारखेचा नव्हता. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी डायनोसॉर आणि त्यांच्यासोबत असंख्य जीव नाहीसे झाले. समुद्रातही तोच हाहाकार झाला. इटलीतल्या गुबिओ गावाजवळ डोंगराच्या कडेला चुनखडक उघडा पडला आहे. त्यात एक बोटभर जाडीचा मातीचा थर आहे. त्याच्या खाली तरंगणारे फोरॅमिनिफेरा मोठे, नक्षीदार, नाना जातींचे. त्याच्या वर ते जवळजवळ सगळे गायब, आणि उरलेले अगदी बारीक. याच थरात १९८० साली इरिडियम हे मूलद्रव्य भरपूर असल्याचे अल्व्हारेझ पितापुत्रांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी जाहीर केले. उल्केमुळे सर्वनाश झाला, हा त्यांचा सिद्धान्त. पुढे मेक्सिकोत चिक्शुलूब येथे उल्केचे विवरही ओळखले गेले. पण काहीजणांचा प्रश्न कायम होता: आपल्याकडचा लाव्हा त्याच वेळी ओतत होता काय? त्याचे विषारी वायू या हत्येत सामील होते काय? आरोपी घटनास्थळी होता की नाही, हे ठरवायला त्याची वेळ कळली पाहिजे.

ती कशी कळणार? सह्याद्रीच्या थरांत त्या काळातल्या समुद्राचा गाळ असता, तर तरंगणारे फोरॅमिनिफेरा मिळाले असते. तो सह्याद्रीत नाही. पण लाव्हा कोठेतरी समुद्राला जाऊन मिळाला असला तर?

गोदावरीच्या मुखाशी

त्र्यंबकेश्वरला सह्याद्रीत उगम पावलेली गोदावरी आंध्र प्रदेशात राजमहेंद्रीजवळून समुद्राकडे जाते. तेथे, सह्याद्रीपासून सुमारे एक हजार किलोमीटरवर, बेसाल्टचे काही तुकडे आहेत. खडी फोडणाऱ्यांनी तेथे खाणी खणल्या आहेत. खाणीच्या भिंतीत खाली काळा बेसाल्ट, मध्ये चुनखडक व माती, आणि वर पुन्हा बेसाल्ट असे दिसते. मधला थर समुद्राकाठचा आहे.

हे बेसाल्ट आले कोठून? त्यांचे रासायनिक पृथक्करण केल्यावर दिसले, की खालचा लोट सह्याद्रीतल्या ‘आंबेनळी’ थराशी जुळतो आणि वरचा ‘महाबळेश्वर’ थराशी. ही नावे ऐकल्यासारखी वाटली ना? सह्याद्रीतल्या लाव्हाच्या थरांना भूवैज्ञानिकांनी गावांची आणि घाटांची नावे दिली आहेत. त्यात नेरळ आहे, खंडाळा आहे, पोलादपूर आहे, आणि पोलादपूरहून महाबळेश्वरला चढणारा आंबेनळी घाटही आहे. रायगड जिल्ह्यातली आणि त्याच्या शेजारची ही नावे जगातल्या भूविज्ञानाच्या पुस्तकांत छापलेली असतात. थरांची जुळणी नुसत्या उंचीवरून करता येत नाही, कारण कोकणात पनवेलच्या परिसरात हे थर पश्चिमेला कललेले आहेत; म्हणून रसायनांची साक्ष घ्यावी लागते. चुंबकाची साक्षही घेतात. लाव्हा थिजताना त्यातले लोहकण त्या वेळच्या चुंबकीय उत्तरेची दिशा धरून बसतात. पृथ्वीचे चुंबकत्व अधूनमधून उलटे होते. राजमहेंद्रीचा खालचा लोट उलट्या काळातला आणि वरचा सुलट्या काळातला निघाला, जसे सह्याद्रीत आढळते तसेच. हा लाव्हा त्या काळच्या नद्यांच्या खोऱ्यांतून वाहत गेला असावा. तसे असेल तर पृथ्वीवरच्या सर्वांत लांब लाव्हालोटांत त्याची गणना होईल.

राहिला मधला सागरी थर. प्रिन्स्टन विद्यापीठाच्या गेर्टा केलर, आपल्याकडचे सुनील बाजपेयी आणि त्यांचे सहकारी यांनी राजमहेंद्रीच्या खाणींतून नमुने घेतले. त्यांचे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले. येथे चाळणीचे महत्त्व लक्षात घ्या. सर्वनाशानंतरचे फोरॅमिनिफेरा साधारण एक दशांश मिलिमीटर आकाराचे. नेहमीच्या चाळणीतून ते सरळ वाहून जातात आणि थर रिकामा आहे असे वाटते. अगदी बारीक चाळणी वापरल्यावर खालच्या लोटाच्या माथ्यावरील गाळात ते दिसले. त्यांत एक होता पार्व्ह्युलॅरुगोग्लोबिजेरिना यूग्युबिना. (नाव पाठ करू नका, परीक्षेत येणार नाही.) त्यातले ‘यूग्युबिना’ हे गुबिओ गावाच्या जुन्या लॅटिन नावावरून आले आहे, आणि १९६४ साली त्याचे पहिले वर्णन इटलीतल्या खडकावरून झाले. ही जाती सर्वनाशानंतर लवकरच जन्मली, सुमारे दोनतीन लाख वर्षे जगली आणि संपली. कोट्यवधी वर्षांच्या हिशेबात दोनतीन लाख म्हणजे पंचांगातला एखादा दिवस.

आता साखळी जोडा. गुबिओच्या थरावरून जातीची वेळ कळली. जातीवरून राजमहेंद्रीच्या गाळाची वेळ कळली. गाळाच्या खाली आंबेनळीचा लाव्हा आहे, म्हणजे तो गाळाच्या आधी आला. वर महाबळेश्वरचा आहे, तो नंतर. आणि रसायनांवरून तेच थर सह्याद्रीत ओळखता येतात. ज्या दगडात एकही जीवाश्म नाही, त्याला इटलीतल्या गावाचे नाव धारण केलेल्या एका कवचाने आंध्रात बसून वय दिले!

२००९ साली आणखी एक चकित करणारी बातमी आली. मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यात झिलमिली येथे, म्हणजे आज समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर, दोन लोटांमधल्या थरात त्याच काळातले तरंगणारे फोरॅमिनिफेरा मिळाले. म्हणजे समुद्राची एखादी जीभ तेव्हा एवढ्या आत आली होती. तेल व नैसर्गिक वायू आयोगाने कृष्णा-गोदावरी खोऱ्यात खणलेल्या विहिरींचे नमुनेही केलर यांच्या गटाने तपासले. लोटामागून लोट येत गेले तसतशा फोरॅमिनिफेरांच्या जाती घटत गेल्या, असे त्यांना दिसले, आणि लाव्हाच मुख्य गुन्हेगार असा पक्ष त्यांनी घेतला. सगळ्यांना तो मान्य नाही. उल्केच्या बाजूचे पुरावेही भक्कम आहेत.

२००८ मध्ये वाटले होते, की लाव्हाचा मुख्य भाग सर्वनाशाच्या सुमारास संपला. नंतरच्या मोजमापांनी यात दुरुस्ती केली. घाटात रस्त्याच्या कडेला दोन काळ्या थरांमध्ये तांबड्या मातीची पट्टी तुम्ही पाहिली असेल. अशा पट्ट्यांत झिर्कॉन या खनिजाचे कण मिळतात आणि त्यांतल्या युरेनियमवरून वय काढता येते. एका गटाने ही रीत वापरली, दुसऱ्याने बेसाल्टमधल्या आर्गॉन वायूची. दोघांचे निबंध २०१९ साली एकाच नियतकालिकाच्या एकाच अंकात आले. लाव्हा सर्वनाशापूर्वी सुमारे ४ लाख वर्षे सुरू झाला आणि नंतर सुमारे ६ लाख वर्षांनी संपला, असे ढोबळ चित्र आता दिसते. फोरॅमिनिफेरांनी लावलेला क्रम, म्हणजे आधी आंबेनळी, मग यूग्युबिनाचा गाळ, मग महाबळेश्वर, तो तसाच टिकला.

पण सह्याद्रीच्या कोणत्या थरापाशी सर्वनाशाची रेघ ओढायची, यावर दोन्ही गटांचे जुळले नाही. एकाच्या मते पोलादपूर थराचा लाव्हा सर्वनाशापूर्वी काही दहा हजार वर्षे वाहू लागला होता. दुसऱ्याच्या मते रेघ त्या थराच्या तळाशी पडते आणि लाव्हाचा मोठा वाटा तिच्यानंतरचा आहे. भांडणाचा तो काळा थर महाबळेश्वरला जाताना एसटीच्या खिडकीतून दिसतो. तेव्हा मात्र कोणती खिडकी पकडायची, ते घाटाच्या वळणांवर अवलंबून राहील.